प्रोजेक्टमध्ये तुझा भाग कोणता?

इंजिनिअरिंगला शिकणारे मूल घरात असले, की फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत एकच शब्द कानावर येत राहतो. मुलगा वेळेवर जेवायला येत नाही, कारण प्रोजेक्ट आहे. मुलगी रात्री एकपर्यंत मोबाईलवर मैत्रिणींशी बोलते, कारण प्रोजेक्ट आहे. मध्येच हजार-दोन हजार रुपये मागितले जातात, कारण प्रोजेक्टमधले काहीतरी जळालेले असते. आई-वडील पैसे देतात, जेवण झाकून ठेवतात आणि गप्प बसतात. आपण त्यातले काय समजणार, असे त्यांना वाटते.

आम्हीही इंजिनिअर नाही. बी.कॉम. झालो आणि कारकुनीत लागलो. आवक-जावक नोंदवही, टिप्पणी, स्मरणपत्रे, प्रलंबित प्रकरणांची यादी यांतच आमची वीस-बावीस वर्षे गेली. परंतु वस्तीतल्या विहाराच्या हॉलमध्ये संध्याकाळी अभ्यासिका चालते, तिथे आम्ही बसतो. डिप्लोमाची, डिग्रीची मुले तिथे येतात. त्यांच्यात बसून जे पाहिले, ते वाचक बंधू-भगिनींसमोर ठेवावे, विशेषतः ज्यांच्या घरातून पहिलेच मूल इंजिनिअरिंगला गेले आहे त्यांच्यासमोर, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आधी हे प्रकरण काय असते ते थोडक्यात सांगतो. डिग्रीच्या शेवटच्या वर्षी तीन-चार मुलांचा एक ग्रुप होतो. त्याला एक मार्गदर्शक प्राध्यापक मिळतात, त्यांना मुले ‘गाईड’ म्हणतात. बहुतेक ठिकाणी सातव्या सत्रात विषय ठरवणे, वाचन आणि आराखडा होतो, आठव्या सत्रात प्रत्यक्ष यंत्र किंवा प्रोग्राम तयार होतो. मधूनमधून ‘रिव्ह्यू’ नावाची तपासणी होते. शेवटी जाड पुठ्ठ्यात बांधलेला अहवाल द्यावा लागतो, मुंबईकडची मुले त्याला ‘ब्लॅक बुक’ म्हणतात. बाहेरचे परीक्षक येतात, यंत्र चालवून दाखवावे लागते आणि प्रत्येकाला तोंडी प्रश्न विचारतात. डिप्लोमालाही शेवटच्या वर्षी असाच प्रोजेक्ट असतो.

हा केवळ गुण मिळवण्याचा सोपस्कार आहे असे कुणी समजू नये. भारत २०१४ साली वॉशिंग्टन करार या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेचा कायम सदस्य झाला. त्या मान्यतेसाठी इंजिनिअरला काय काय आले पाहिजे याची जी यादी आपल्याकडे लावली गेली, तिच्यात गणित-विज्ञानाच्या जोडीला संघात काम करता येणे आणि कामाचे, पैशाचे व्यवस्थापन करता येणे हेही लिहिलेले होते. म्हणजे कागदोपत्री ही शिकवण्याची गोष्ट झाली. प्रत्यक्षात मात्र ती कुणी शिकवत नाही. चार मुलांना एकत्र बसवले की ती आपोआप संघ होतात, अशी समजूत आहे. चार बैल एका दावणीला बांधले म्हणून औत चालत नाही, हे आमच्या आजोबांना ठाऊक होते.

अभ्यासिकेत येणाऱ्या मुलांना आम्ही एक प्रश्न नेहमी विचारतो. प्रोजेक्टमध्ये तुझा भाग कोणता? विषय कोणता ते मुले झटकन सांगतात. मातीचा ओलावा पाहून आपोआप चालू होणारा पंप, सौरऊर्जेवरचा फवारणी पंप, हजेरी घेणारे यंत्र, असे पुष्कळ. पण ‘तुझा भाग’ म्हटले की आवाज बदलतो. आणि बऱ्याच वेळा उत्तर येते, ‘काका, माझ्याकडे फाइल आहे.’

फाइल म्हणजे अहवाल टाइप करणे, आकृत्या चिकटवणे, झेरॉक्स काढणे, गाईडची सही घेण्यासाठी तासनतास केबिनबाहेर उभे राहणे, बांधणीवाल्याकडे जाणे. काम हलके नाही. उलट शेवटच्या आठवड्यात सर्वांत जास्त धावपळ त्याचीच होते. परंतु हे काम आम्ही बी.कॉम. झालेला माणूससुद्धा करू शकतो. चार वर्षे इंजिनिअरिंग शिकलेल्या मुलाने आमचेच काम करायचे, तर ती फी कशासाठी भरली? आणि खेदाने म्हणावे लागते, ही फाइल ग्रुपमधल्या कोणत्या मुलाच्या वाट्याला येते, याला एक ठरलेली रीत आहे.

एका मुलीची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, कॉलेजचेही नाही. इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला होती. वडील रंगकाम करणारे, आई दोन घरची भांडी करणारी. ग्रुपमध्ये ती धरून चौघे. विषय तोच, ओलावा पाहून चालणारा पंप. पहिल्याच आठवड्यात सामान आणायचे ठरले आणि प्रत्येकी दीड हजारांची वर्गणी निघाली. हिच्याकडे त्या वेळी तीनशेच होते. कुणी वाईट बोलले नाही. उलट सगळे समजूतदारपणे म्हणाले, ‘अगं राहू दे, तू नंतर दे. तोवर तू रिपोर्टचे बघ.’ तिलाही बरे वाटले. पैसे दिले नाहीत याची भरपाई कष्टाने करू, असे तिने मनाशी धरले. पुढे सामान आले ते एका मुलाच्या खोलीवर राहिले. मुले रात्री दहानंतर तिथे जमायची. हिला सातला घरी यावे लागे. लॅपटॉप तिच्याकडे नव्हता. असे करता करता मार्चपर्यंत त्या सर्किटला तिचा हात लागला नाही. अहवाल मात्र इतका नेटका केला, की गाईडनी वर्गात दाखवला.

तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारले, सेन्सरचा आकडा कंट्रोलर वाचतो तो किती बिटचा? तिने अहवालात ते वाक्य स्वतः टाइप केलेले होते. उत्तर आले नाही. गुण कमी झाले ते झालेच, पण पुढे नोकरीच्या मुलाखतीतही प्रोजेक्टवरच प्रश्न आले. बायोडाटात दुसरे सांगण्यासारखे नव्हते आणि जे होते त्याला तिचा हात लागलेला नव्हता.

या गोष्टीत कुणी खलनायक नाही, म्हणूनच आम्ही ती सांगतो. जातीवरून कुणी टोमणा मारलेला नाही, मुलगी म्हणून कुणी बाजूला सारलेले नाही. पैसा, लॅपटॉप आणि संध्याकाळचे तास या तीन गोष्टींनी कामाची वाटणी करून टाकली, आणि सगळ्यांना ती वाटणी नैसर्गिक वाटली. ही गोष्ट केवळ आपल्याकडची आहे असेही नाही. अमेरिकेतल्या इंजिनिअरिंग शिक्षणाच्या अभ्यासकांनी विद्यार्थ्यांचे गट पाहिले, तेव्हा त्यांनाही दिसले की सादरीकरणातला तांत्रिक भाग मुलगे बोलतात आणि प्रस्तावना वगैरे मुलींकडे जाते. तिथल्या एका २००४ सालच्या लेखात प्राध्यापकांना सल्ला दिला आहे, की गट मुलांना पाडू देऊ नका, तुम्ही पाडा, आणि जो वर्ग संख्येने कमी आहे त्यातल्या एकट्या विद्यार्थ्याला सुरुवातीच्या वर्षांत एका गटात एकटे टाकू नका.

आपल्याकडे गट बहुधा मैत्रीवर होतात. हुशार हुशारांत जातात, हॉस्टेलवाले हॉस्टेलवाल्यांत. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली आणि प्रवेशाच्या शेवटच्या फेरीत उशिरा आलेली मुले राहतात. मग ‘उरलेल्यांचा ग्रुप’ होतो. आपली पुष्कळ मुले या उरलेल्यांत असतात. त्यात एक फायदाही आम्ही पाहिला आहे, तो मुलांना सांगतो. डिप्लोमाची मुले हाताने काम केलेली असतात. सोल्डरिंग, लेथ, वायरिंग त्यांना येते. उरलेल्यांच्या ग्रुपने आपल्याला कमी समजण्याचे काही कारण नाही.

आता वेळेकडे वळतो.

मुलांना वाटते, प्रोजेक्टची वेळ एप्रिलमध्ये कमी पडते. आमचे मत असे की ती ऑगस्टमध्ये वाया जाते आणि एप्रिलमध्ये फक्त कळते. यात मुलांचा आळस असतो तितकाच मनुष्यस्वभावही असतो. कॅनडातल्या संशोधकांनी १९९४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारले, तुम्हाला किती दिवस लागतील? सरासरी उत्तर आले ३४ दिवस. सगळे काही बिघडले तर किती लागतील, असेही विचारले. त्याचे उत्तर आले सुमारे ४९. प्रत्यक्षात सरासरी लागले ५५ दिवस! म्हणजे सर्वांत वाईट धरलेला अंदाजसुद्धा कमी पडला. आम्ही हे मुलांना सांगितले तेव्हा एकजण म्हणाला, ‘काका, मग अंदाज करायचाच कशाला?’ अंदाज करावा, आणि तो दीडपटीने वाढवून भिंतीवर लावावा.

ऑफिसात आम्हाला एका जुन्या हेडक्लार्कनी शिकवलेली एक गोष्ट इथे फार उपयोगी पडते. सकाळी टेबलावर दहा फायली आल्या, तर सोपी फाइल आधी काढायची नाही. ज्या फाइलवर दुसऱ्या खात्याचा अभिप्राय लागतो ती आधी काढायची, आणि पाठवून द्यायची. ती तिकडे पडून राहील तेवढ्या वेळात आपल्या हातातली कामे होतात. मोठमोठे कारखाने, धरणे यांच्या नियोजनासाठी १९५७-५८ च्या सुमारास अमेरिकेत जी तंत्रे निघाली आणि इंजिनिअरिंगच्या पुस्तकांत शिकवली जातात, त्यांच्या पोटात हाच विचार आहे. कोणते काम थांबले तर सगळेच थांबेल, ते आधी शोधा.

प्रोजेक्टमध्ये दुसऱ्यांच्या हातातली कामे पुष्कळ असतात. गाईडची सही. प्रयोगशाळेची किल्ली, ती ज्यांच्याकडे असते ते पाच वाजता घरी जातात. सुटे भाग. मुंबईची मुले लॅमिंग्टन रोडला जातात, पुण्याची पासोड्या विठोबाच्या आसपास बुधवार पेठेत. तिथे सगळे मिळते, पण नांदेड-परभणीच्या मुलाने काय करावे? त्याने सामान मागवले की येईपर्यंत आठवडा जातो आणि आलेला सेन्सर खराब निघाला तर दुसरा आठवडा. म्हणून आम्ही सांगतो, जळण्यासारखी वस्तू एक लागत असली तरी दोन मागवा. शंभर रुपये जास्त जातील, आठवडा वाचेल. मुले याउलट करतात. आधी प्रेझेंटेशनच्या स्लाइडा रंगवतात, मुखपृष्ठाचा नमुना ठरवतात, ग्रुपला इंग्रजी नाव ठेवतात. ही सर्व आपल्या हातातली कामे. ती मार्चमध्येही झाली असती.

आणि शेवटच्या आठवड्यात काम अडले की बाहेरच्या मित्राला बोलावतात. तोही उपयोग फारसा होत नाही. फ्रेड ब्रुक्स नावाचे संगणकतज्ज्ञ आय.बी.एम. कंपनीत एका फार मोठ्या कामाचे प्रमुख होते. त्यांनी १९७५ साली पुस्तक लिहून बजावले, की उशीर झालेल्या कामात नवी माणसे घातली तर आणखी उशीर होतो. नव्याला समजावण्यात जुन्यांचा वेळ जातो. चौघांत एकमेकांशी बोलण्याच्या जोड्या सहा होतात, पाचवा आला की त्या दहा होतात. यापेक्षा वाईट म्हणजे तयार प्रोजेक्ट विकत आणणे. ती दुकाने सगळ्या शहरांत आहेत. तिकडे वळणाऱ्या मुलाला आम्ही एवढेच विचारतो, की तोंडी परीक्षेला दुकानदार येणार आहे काय?

त्या मुलीच्या प्रकरणानंतर पुढच्या वर्षी अभ्यासिकेतल्या एका ग्रुपला आम्ही दोनशे पानी वही दिली. चौघांपैकी दोघे वस्तीतले, दोघे त्यांचे कॉलेजमधले मित्र. वहीत आमच्या ऑफिसच्या पद्धतीने रकाने आखून दिले. काम काय, कुणाकडे, कोणत्या तारखेपर्यंत, झाले की नाही, आणि पुढे सही. दर शनिवारी कॉलेज सुटल्यावर वीस मिनिटे जमायचे, उभ्याउभ्याच बोलायचे आणि वही भरायची. व्हॉट्सअॅप ग्रुप असताना वही कशाला, असे त्यांनी विचारले. व्हॉट्सअॅपवर ‘ओके’ म्हणणे फार सोपे असते. शंभर निरोपांत ते ओके वाहून जाते आणि ‘मी कधी म्हणालो?’ असा वाद होतो. सहीला तसे म्हणता येत नाही. कारकुनाची ही एक विद्या आहे, तिला कुणी हसू नये.

वहीच्या पहिल्या पानावर दोन गोष्टी लिहून घेतल्या. एक म्हणजे, अहवाल कुणा एकाचा नाही. ज्याने जो भाग केला त्याने त्या भागाचे प्रकरण लिहायचे, जोडणी आलटून पालटून. दुसरे म्हणजे, यंत्राचा किंवा प्रोग्रामचा एकेक भाग प्रत्येकाच्या नावावर असलाच पाहिजे, आणि महिन्यातून एकदा प्रत्येकाने दुसऱ्याचा भाग बाकीच्यांना समजावून सांगायचा. मागच्या पानावर जमा-खर्च. वर्गणी किती जमली, बिल किती झाले. ज्याला एकदम देता येत नाही त्याने दरमहा शंभर-दीडशे द्यावेत, आणि वर्गणी थकली म्हणून कामाची वाटणी बदलणार नाही, असे एक वाक्य आम्ही मुद्दाम घातले. त्या दोन बाहेरच्या मुलांनी त्यावर काहीच हरकत घेतली नाही. अशा गोष्टी कुणी आधी बोलत नाही म्हणून राहून जातात, एवढेच त्याचे कारण.

विषय याही ग्रुपचा पंपाचाच होता. (या पंपाने महाराष्ट्रातली किती मुले पदवीधर केली असतील ते विद्यापीठालाच माहीत.) एकाने मातीतला सेन्सर आर्डुइनो उनो नावाच्या बोर्डावर तपासला. तो बोर्ड ओलाव्याचा आकडा ० ते १०२३ या मापात देतो. सेन्सर असा की माती कोरडी असेल तर आकडा मोठा. त्याने ठरवले, ६०० च्या वर गेला की पंप चालू. दुसऱ्याने मोबाईलला जोडण्याचा भाग ईएसपी-३२ नावाच्या बोर्डावर केला. तो तोच आकडा ० ते ४०९५ या मापात देतो. दोघांचे भाग आपापल्या टेबलावर उत्तम चालत होते. एकत्र जोडले तेव्हा ओल्या मातीचाही आकडा हजाराच्या पुढे जाऊ लागला. ६०० ची अट कायमचीच ओलांडली गेली आणि पंप थांबेना! तिसऱ्या मुलीकडे रिलेचा, म्हणजे पंप चालू-बंद करणाऱ्या बटणाचा भाग होता. तिने आणलेला रिले स्वस्तातल्या बहुतेक रिलेंसारखा उलटा. त्याला शून्य दिले की चालू होणारा. पण हे तिने वहीत आधीच लिहून ठेवले होते, म्हणून तिथे घोटाळा झाला नाही.

महत्त्वाचे हे, की ही जोडणी त्यांनी नोव्हेंबरमध्ये करून पाहिली. अर्धवट, लोंबणाऱ्या वायरींची, बादलीत पंप ठेवून. सगळे पूर्ण झाल्यावर जोडू, असे म्हणाले असते तर ते एप्रिलमध्ये, परीक्षकांसमोर कळले असते. दोन गटांनी आपापले काम बरोबर करावे आणि दोघांमधल्या फटीत सगळे बुडावे, हे मोठ्यांच्याही हातून होते. अमेरिकेच्या नासा संस्थेचे मंगळाकडे पाठवलेले एक यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी नष्ट झाले. एका गटाचा संगणक रेट्याचा हिशोब पौंडांत देत होता आणि दुसरा गट तो आकडा मेट्रिक मापात आहे असे धरून चालला होता. आमच्या मुलांची बादली सांडली, इतकेच. तेव्हापासून त्या वहीत एक जास्तीचा रकाना आला. मी दुसऱ्याला काय देणार, कोणत्या मापात.

आता काम न करणाऱ्याचे काय करावे? प्रत्येक ग्रुपमध्ये एखादा आयत्या बिळावरचा नागोबा असतोच. यावर मुलांचा संताप फार असतो. शंभरेक वर्षांपूर्वी रिंगेलमान नावाच्या फ्रेंच शेतकी-इंजिनिअरने माणसांना दोर ओढायला लावून ताकद मोजली होती, १९१३ साली ते प्रसिद्ध झाले. आठ माणसांनी मिळून दोर ओढला तर प्रत्येकाची ओढ एकट्याने ओढताना असते त्याच्या निम्म्यावर आली. थोडे एकमेकांचा ताल जमत नाही म्हणून, आणि थोडे आपण सैल सोडले तरी कुणाला कळते म्हणून. पुढच्या प्रयोगांत असेही दिसले, की प्रत्येकाचा वाटा वेगळा मोजला जातो हे माहीत असेल तर ढिलाई कमी होते. वहीचा उपयोग इथेही आहे.

मात्र नागोबा ठरवण्याआधी विचारपूस करावी, असे आम्ही आवर्जून सांगतो. एका ग्रुपने तक्रार केली, अमका तीन आठवडे फिरकला नाही. आम्ही त्याच्या घरी गेलो. वडिलांच्या अपघातानंतर मुलगा रात्रपाळीला गोदामात जात होता, कॉलेजात सांगायला लाजत होता. त्याला सकाळी आठ ते दहाचे काम दिले, घरी बसून प्रोग्राम तपासण्याचे, आणि त्याने ते चोख केले. खरोखरच जो नुसता बसून खातो त्याची गोष्ट वेगळी. त्याला दोनदा लेखी आठवण द्यावी, तिसऱ्यांदा गाईडकडे वही घेऊन जावे. ज्या लेखाचा वर उल्लेख केला त्यात तर असे सुचवले आहे, की काम न करणाऱ्याचे नाव त्या अहवालावर घालूच नये. आपल्याकडे मुले मैत्रीखातर नाव घालतात आणि वर्षभर त्याच्या नावाने बोटे मोडतात.

वाचकांना मसुदा समितीचे उदाहरण आठवल्याशिवाय राहणार नाही. समितीत सात सदस्य होते. कुणी राजीनामा दिला, कुणी वारले, कुणी अमेरिकेत, कुणी संस्थानांच्या कामात, कुणी दिल्लीपासून दूर. शेवटी भार बाबासाहेबांवर पडला, हे टी. टी. कृष्णमाचारी यांनी ५ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत सांगितले. हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु मुलांनी त्यातून ‘मी एकटाच सगळे करतो’ हा धडा घ्यावा असे आम्हाला वाटत नाही. वेळ फार घेतला अशी टीका झाली होती. त्यावर २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी हिशोबच ठेवला. समिती ३० ऑगस्ट १९४७ पासून १४१ दिवस बसली, मसुद्याला किती दुरुस्त्या आल्या, दुसऱ्या देशांना किती काळ लागला, सगळे आकड्यांत. आणि त्याच भाषणात बी. एन. राव, मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी आणि रात्री जागून काम करणारा कर्मचारी वर्ग यांना श्रेय दिले. कारकुनांचा उल्लेख कुणी करत नाही, म्हणून आम्हाला ते भाषण विशेष प्रिय आहे. मुलांनी अहवालाच्या आभाराच्या पानावर प्राचार्यांपासून सुरुवात करून अर्धे पान भरावे, पण प्रयोगशाळेच्या साहाय्यकाचे आणि जिथे सामान ठेवले त्या खोलीच्या काकूंचेही नाव असावे.

पालकांसाठी थोडे. मुलींच्या बाबतीत सातच्या आत घरी हा नियम आपण काळजीपोटी करतो आणि ती काळजी खोटी नाही. पण त्याची किंमत मुलगी कशी मोजते ते वर लिहिले आहे. तेव्हा तिला रात्री पाठवू नका, परंतु रविवारचा दिवस मोकळा करून द्या. त्या दिवशी पाण्याचा, धुण्याचा, पाहुण्यांच्या चहाचा भार तिच्यावर टाकू नका. ग्रुपमधल्या मुलांना एकदा घरी चहाला बोलवा, त्यांच्याशी बोला. आमच्या अनुभवात, जिच्या घरी ग्रुप येऊन गेला आहे त्या मुलीशिवाय काम सुरू करायला मुलेही कचरतात. एका मायमाऊलीने तर स्वयंपाकघराचा ओटाच सोल्डरिंगला दिला होता, चार रविवार. जेवण शेजारणीकडून आले.

मुलग्यांच्या आई-वडिलांनाही सांगणे आहे. तुमचा मुलगा ‘आमच्या ग्रुपमधली ती फक्त रिपोर्ट करते’ असे म्हणाला, तर त्याला विचारा की ते कुणी ठरवले.

आमच्या अभ्यासिकेत दोन जुने लॅपटॉप आहेत, एक सोल्डरिंगची इस्त्री आणि एक मल्टिमीटर आहे. लॅपटॉपसाठी दारामागे कागद लावला आहे, त्यावर नाव आणि तास लिहायचा, एका वेळी दोन तास. संध्याकाळी पाच ते सात ही वेळ ज्यांना लवकर घरी जायचे आहे त्यांच्यासाठी आधी. यंदा सातव्या सत्रात जाणाऱ्यांनी ग्रुप ठरला की वही घेऊन जावी, रकाने आखून ठेवलेल्या आहेत. जून संपण्याच्या आत आलात तर बरे, कारण जुलैत आमच्या ऑफिसात तपासणी असते आणि त्या पंधरवड्यात आम्हाला यायला आठ वाजतात.